वैद्यकीय शिक्षण घेता घेता जीवशास्त्राची शिकवणी: कोकणात पहिल्यांदा शिकवणाऱ्यांसाठी

एमबीबीएसला प्रवेश मिळाला की वाडीतल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या झिलाक जरा बायोलॉजी शिकवशीत काय?" सिंधुदुर्ग आणि अलिबागला २०२१-२२ मध्ये आणि रत्नागिरीला २०२३-२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सावर्डे-डेरवणचं महाविद्यालय त्याआधीपासून आहे. त्यामुळे पूर्वी मुंबई-पुण्याला राहणारी एमबीबीएसची मुलं आता ऐन किनाऱ्यावर राहून शिकतात, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवायला हाताशी असतात. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, अभ्यास नुकताच करून आलेला शिकवणारा मिळणं ही गावातल्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे. पण ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच असं नाही. नव्या शिकवणाऱ्याच्या बहुतेक चुका ठरावीक ठिकाणी होतात, आणि त्या आधी माहीत असल्या तर टाळता येतात.

आधी स्वतःचे तास मोजा

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. त्यात आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी दीड तास, एवढंच झेपतं: दोन संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. प्रत्येक बैठकीमागे तासभर तयारी धरा. म्हणजे आठवड्याचे साडेसात तास गेले, शिवाय येण्याजाण्याचा वेळ वेगळा. एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघूनच बैठकीची वेळ ठरवा.

मुलं चार ते सहा घ्या. सहाच्या वर गेलात तर प्रत्येकाची वही बघायला वेळ उरत नाही, आणि वही न बघता घेतलेली शिकवणी म्हणजे नुसतं व्याख्यान. तुमच्या इंटर्नल परीक्षांचे आठवडे पालकांना जूनमध्येच सांगून टाका. आयत्या वेळी रद्द केलेल्या बैठका हे शिकवणी मोडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

तीन परीक्षा, तीन अभ्यासक्रम

बारावीच्या मुलापुढे बोर्ड, सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि नीट अशा तीन परीक्षा असतात. पालकांना त्या एकच वाटतात. शिकवणाऱ्याला तसं वाटून चालत नाही.

बोर्डाच्या जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण. पुस्तक बालभारतीचं. सीईटीला जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत; साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. नीटला १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीला एक जातो. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले आणि वेळही परत १८० मिनिटांवर आली, त्यामुळे २०२१ ते २०२४ चे पेपर सोडवून घेताना हा फरक मुलांना सांगा.

गोंधळ होतो तो धड्यांच्या जागेत. रक्ताभिसरण, श्वसन, मज्जासंस्था हे भाग एनसीईआरटीत, म्हणजे नीटसाठी वापरतात त्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांत, अकरावीला आहेत, बोर्डाच्या पुस्तकात बारावीला. वनस्पतींतलं पाण्याचं वहन आणि खनिज पोषण बोर्डाला आणि सीईटीला लागतं, पण २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमात नाही. पचनसंस्थेचंही तसंच: बोर्डाच्या अकरावीत आहे, नीटमधून गेली. बोर्डाच्या अकरावीत झुरळ आहे, तर एनसीईआरटीत आता बेडूक उरला आहे. हे माहीत नसलेला शिकवणारा नीटसाठी तीन आठवडे पचनसंस्था घोटून घेतो आणि बेडूक राहूनच जातो.

म्हणून पहिलं काम हे: एका मोठ्या कागदावर सगळ्या धड्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे बोर्ड, सीईटी, नीट असे तीन रकाने करून खुणा करा. नीटचा अभ्यासक्रम दर वर्षी अधिकृत संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्या. आपण परीक्षा दिली त्या वर्षाचा डोक्यात धरू नका.

पहिली बैठक शिकवण्यासाठी नाही

पहिल्या दिवशी तीन गोष्टी करून घ्या. कोऱ्या कागदावर प्राणीपेशी काढून नावं द्यायला सांगा, दहा मिनिटं. मग इंग्रजी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि अर्थ मराठीत सांगायला लावा. शेवटी आधीच्या इयत्तेवरचे दहा पर्यायी प्रश्न द्या.

एवढ्यात तीन प्रकारची मुलं वेगळी दिसतात. एकाला विषय कळतो पण इंग्रजीत अडतं. दुसऱ्याचं इंग्रजी बरं, पण सगळं पाठांतर, त्यामुळे प्रश्न थोडा फिरवला की चुकतो. तिसऱ्याला कळतं आणि वाचताही येतं, पण लिहायचा कंटाळा. तिघांना एकच औषध चालत नाही. जे दिसलं ते पालकांना त्याच दिवशी, मुलासमोर, साध्या शब्दांत सांगा. "हुशार आहे, थोडी मेहनत हवी" असलं मोघम सांगितलंत तर महिन्याने पालक तोच प्रश्न परत विचारतील.

मराठी माध्यमाचा मुलगा

कोकणात हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. गावातल्या हायस्कुलातून दहावी मराठीत झालेली मुलं अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पडतात. जून-जुलैत त्यांना सगळं नवं वाटतं, आणि खरं तर निम्मं त्यांनी दहावीपर्यंत शिकलेलं असतं. तंतुकणिका त्याला चांगली ठाऊक असते, मायटोकॉन्ड्रिया म्हटलं की अनोळखी होते. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, विकर म्हणजे एन्झाइम, परासरण म्हणजे ऑस्मोसिस, अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे मायॉसिस हे एकदा जोडून दिलं की चेहरा बदलतो.

यासाठी वेगळी दोनशे पानी वही करा. डाव्या बाजूला दहावीचा मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द त्याच्या स्पेलिंगसह, आणि खाली त्या शब्दाची फोड. ही फोड महत्त्वाची. 'लायसिस' म्हणजे तुटणं हे एकदा कळलं की ग्लायकोलायसिस, हायड्रोलायसिस, प्लाझ्मोलायसिस तिन्ही उलगडतात. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी किंवा खाली; हायपोथॅलॅमस थॅलॅमसच्या खाली असतो म्हणून तसं नाव. दिवसाला आठ शब्द पुरे. वीस दिलेत तर एकही राहत नाही.

समजावताना मराठीत बोला, अगदी मालवणीत बोललात तरी हरकत नाही. लिहिताना मात्र इंग्रजीतच लिहून घ्या, कारण बोर्डाचं उत्तर त्याला इंग्रजीत लिहायचं आहे. नीटचा पेपर मराठीतूनही घेता येतो. त्या पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असतो, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. फॉर्म भरण्याआधी एक जुना पेपर दोन्ही भाषांत सोडवून घ्या आणि मगच ठरवा. दोन वर्षं इंग्रजी शब्द घोटलेल्या मुलाला भाषांतरातले मराठी शब्दच अडतात, असं बऱ्याचदा होतं.

तुम्हाला जास्त येतं, हीच अडचण

ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा देणारे रेणू? बायोकेमिस्ट्रीत तुम्ही ३० ते ३२ शिकलात, कारण तिथे एनएडीएचचे अडीच आणि एफएडीएच-टूचे दीड धरतात. अकरावीच्या पुस्तकात ३८ आहेत, कारण तिथे तीन आणि दोन धरतात. परीक्षेत ३८ लिहायचं. मुलाला दोन वाक्यांत सांगा की पुढे हा आकडा बदलतो आणि का बदलतो, आणि पुढे चला. त्यावर अर्धा तास घालवलात तर त्याच्या डोक्यात दोन्ही आकडे राहतील आणि परीक्षेत नेमका चुकीचा वर येईल.

नवा शिकवणारा हृदय शिकवायला बसतो आणि मर्मरवर, म्हणजे हृदयातल्या जादा आवाजावर, जातो, मूत्रपिंड शिकवताना डायलिसिसच्या रुग्णावर जातो. मुलं तल्लीन होऊन ऐकतात, तास छान झाला असं दोघांनाही वाटतं, आणि कार्डियाक सायकल ०.८ सेकंदांचं असतं हे पुढच्या आठवड्यात कुणालाच सांगता येत नाही. नियम साधा ठेवा: पुस्तकातलं वाक्य आधी, तुमचं ज्ञान नंतर, आणि तेही त्या वाक्याचं कारण समजवण्यापुरतं. रोगांच्या धड्यात दोडामार्गकडची मुलं माकडतापाबद्दल विचारतीलच. तो विषाणूने होतो आणि गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, एवढं सांगा आणि मलेरियाच्या जीवनचक्राकडे परत या.

साहित्य दारात आहे, पण महिना बघून

पाठ्यपुस्तकातली निम्मी उदाहरणं कोकणातल्या मुलाच्या परड्यात असतात आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. इथे शहरातला कोणताही क्लास तुमची बरोबरी करू शकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये वनस्पतिसृष्टी घ्या. जांभ्याच्या गडग्यावर शेवाळासारखं हिरवं मखमली दिसतं त्यात मॉस असतं. त्याच्या तुऱ्यासारख्या काडीच्या टोकाला कॅप्सूल, तो स्पोरोफाइट, म्हणजे बीजाणू तयार करणारा भाग. नेच्याच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके, ते सोरस, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. सप्टेंबरच्या सुमारास सड्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा होतो, ती सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलॅरिया. एनसीईआरटीतल्या कीटकभक्षी वनस्पतींच्या ओळीत ब्लॅडरवर्ट म्हणून नाव येतं ते हेच. एकदा पाहिलेलं मूल ती ओळ विसरत नाही.

प्राणिसृष्टी मात्र पावसाळ्यात घेऊ नका. तेव्हा मासेमारी बंद असते, बाजारात सुकट-बोंबीलच. गणपतीनंतर ताजी मासळी आली की रविवारी सकाळी मुलांना जेटीवर न्या. रत्नागिरीत मिरकरवाडा, मालवणात किनाऱ्यावरचा लिलाव. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, अंगावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवायला लावा: पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, ते प्लॅकॉइड खवले. तोंड खालच्या बाजूला, कल्ल्यांच्या फटी उघड्या. शेजारी बांगडा ठेवा: तोंड टोकाला, कल्ल्यांवर झाकण. कॉन्ड्रिक्थिज (कूर्चेचे मासे) आणि ऑस्टिक्थिज (हाडांचे मासे) यांतला फरक पाच मिनिटांत हाताला कळतो. माकूळ नावाला मासा, पण मृदुकाय. तिसऱ्या आणि कालवंही त्याच संघातली. कोळंबी, कुर्ली संधिपाद. नावात फिश असलेले पण मासे नसलेले प्राणी हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे: जेलीफिश, स्टारफिश, कटलफिश, सिल्व्हरफिश. चौघांचे चार संघ मुलाकडून लिहून घ्या. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथेही एक फेरी होऊ शकते.

नारळ तर बारमाही. एंडोस्पर्म म्हणजे बीतला अन्नसाठा: शहाळ्याचं पाणी म्हणजे फ्री-न्यूक्लिअर एंडोस्पर्म आणि आतली मलई म्हणजे सेल्युलर एंडोस्पर्म. सोललेल्या नारळाचे तीन डोळे तीन कार्पेलची खूण सांगतात. त्यातला जो मऊ, त्याच्याखाली भ्रूण. काजूचं बोंड हे फसवं फळ, खरं फळ खाली लटकणारी बी. रातांब्याची (कोकमाची) नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून रोपापासून लावलेली कित्येक झाडं कधी फळत नाहीत आणि बागायतदार कलमं लावतात. डायोशिअस या शब्दाला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून आणणार?

खाडीवर ओहोटीच्या वेळी जा, भरतीचं वेळापत्रक आधी बघून. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या सरळ वर आलेल्या असतात, ती श्वसनमुळं. चिखल काळा आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा, कारण त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. मुळं वर का आली ते नाकालाच कळतं. कांदळाच्या फांदीवर शेंगेसारखे लांब कोंब लोंबतात. बी झाडावरच रुजते, ती व्हिव्हिपॅरी. इथे एक गोष्ट सांभाळा. पुस्तकांत श्वसनमुळांचं उदाहरण म्हणून ऱ्हायझोफोरा, म्हणजे कांदळ, दिलेला आढळतो; खाडीत मात्र कांदळाला कमानीसारखी आधारमुळं दिसतात आणि उभ्या काड्या तिवराच्या असतात. मुलाने हे विचारलं तर शाबासकी द्या, खरं काय ते सांगा आणि परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगा. कांदळवन संरक्षित आहे, त्यामुळे फांदी तोडायची नाही, खाली पडलेला कोंब उचलायचा.

बकऱ्याचं हृदय

एवढा एक प्रयोग वर्षातून एकदा जरूर करा. श्रावण सोडून. शाकाहारी घरातली मुलं असतील तर आधी विचारा, आणि घरात न करता मागच्या पडवीत करा.

मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: दिल अख्खं हवं, चिरलेलं नको, वरच्या नळ्या दोन-तीन सेंटिमीटर ठेवून. न सांगितल्यास तो सवयीने उभा छेद देतो आणि झडपा फाटतात. आणल्यावर नळाखाली धरून आतल्या गुठळ्या दाबून काढा. हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं, धारदार कात्री, चिमटा, एक पेन्सिल.

कापण्याआधी दाबून बघायला लावा: एक बाजू घट्ट, ती डावी, दुसरी मऊ, ती उजवी. टोक डाव्या जवनिकेचं (व्हेंट्रिकलचं). मग महाधमनीत वरून पाणी ओता. सेमिल्युनर झडपा मिटतात आणि पाणी अडतं. ते हळूहळू उतरलं तर कॉरोनरी धमन्यांत जात आहे असं समजा. हे पाणी कापल्यावर ओतून उपयोग नाही, म्हणून क्रम चुकवू नका. आता फुप्फुस धमनीतून पेन्सिल आत सरकवा, ती उजव्या जवनिकेत उतरते. त्याच रेषेत कात्रीने कापत खाली या आणि उजवी बाजू उघडा: ट्रायकस्पिड झडपेला बांधलेले पांढरे दोरे म्हणजे कॉर्डी टेंडिनी, त्यांचं दुसरं टोक पॅपिलरी स्नायूंना. चिमट्याने दोरा ओढून दाखवा. झडप उलटी का फिरत नाही हे त्या एका ओढीत कळतं. मग डावी बाजू उघडून दोन्ही भिंती शेजारी धरा. डावी कितीतरी जाड दिसेल. का, हे मुलांकडूनच काढून घ्या. फुप्फुसं जवळ आहेत आणि पायाचा अंगठा लांब, एवढं कुणीतरी बोलतंच. हृदय आडवं मधोमध कापणं ही नेहमीची चूक, त्यात झडपा आणि दोरे दोन्ही जातात.

नंतर फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, हात साबणाने. ते हृदय पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नये. कॉलेजातली हाडं किंवा कुठलाही मानवी अवयव शिकवणीला आणायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. देहदान करणाऱ्याने तो देह तुमच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी दिला आहे.

दीड तासाची बैठक आणि चुकांची वही

पहिली पंधरा मिनिटं पुस्तक बंद, मागच्या वेळचं जे आठवतं ते कोऱ्या कागदावर. मग चाळीस मिनिटं नवा भाग, वीस मिनिटं आकृती, शेवटची पंधरा प्रश्न. आकृती तुम्ही काढून दाखवायची आणि मग पुसून टाकायची. फळ्यावर ठेवलीत तर मुलं नक्कल करतात. नावांच्या रेषा आडव्या, पट्टीने, एकमेकींना न छेदता. बोर्डाच्या पेपरात त्याने फरक पडतो.

चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत लिहून घ्या आणि पुढे कारण: वाचलंच नव्हतं, वाचलं पण विसरलं, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज मारला. महिन्याने मोजा. 'प्रश्न नीट वाचला नाही' हा ढीग मोठा असेल तर आणखी शिकवून फायदा नाही. 'नॉट' आणि 'इनकरेक्ट' या शब्दांना गोल करायची सवय लावा. विधान-कारण आणि जोड्या लावा हे प्रश्न आठवड्याला निदान वीस सोडवून घ्या.

अंदाजाचा हिशेब मुलांना मांडून दाखवा. डोळे मिटून ठोकलेल्या चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो: चार मिळाले, तीन गेले, हाती एक. दोन पर्याय नक्की बाद करता आले तर दोन प्रश्नांतच एक बरोबर येतो: चार मिळाले, एक गेला, हाती तीन. म्हणजे पर्याय बाद करायला शिकणं हेच काम आहे. ९० प्रश्न ५० मिनिटांत व्हायला हवेत, तरच फिजिक्सला वेळ उरतो.

पालक, पैसे आणि हद्द

फी ठरवताना बैठकीचा तास, तयारीचा तास आणि पेट्रोल तिन्ही धरा. महिन्याची रक्कम एकच सांगा, पहिल्या आठवड्यात घ्या. नात्यातल्यांकडून घ्यायची की नाही ते सुरुवातीलाच बोला. "बघू मग" म्हणून ठेवलेली फी कधी मिळत नाही आणि नातंही अवघडतं. ज्याला परवडत नाही त्याला कमी घ्या किंवा घेऊच नका, पण हे बाकीच्यांसमोर कळू देऊ नका.

गणपतीत आठ-दहा दिवस शिकवणी होणार नाही, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. तो काळ आधीच वगळून आखणी करा. शिमगा नेमका बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येतो. पालखी घरी येण्याचा दिवस सोडून बाकीच्या दिवशी अभ्यास, असं आधी ठरवलं तर भांडण होत नाही. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, म्हणून ऑनलाइन तासावर भिस्त ठेवू नका.

शिकवणी ओटीवर किंवा पुढच्या खोलीत, दार उघडं ठेवून, घरात मोठं माणूस असताना घ्या. मुलांनी दादा-ताई म्हटलं तर छान. डॉक्टर म्हणवून घेऊ नका, पाटीवर तर नाहीच. काकू बीपीच्या गोळीबद्दल विचारणार, आजोबा रिपोर्ट आणून पुढ्यात ठेवणार. अशा वेळी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" हेच उत्तर, प्रत्येक वेळी. निकालाची हमीही देऊ नका.

शेवटचे दिवस

नीट २०२४ मध्ये ५ मेला आणि २०२५ मध्ये ४ मेला झाली, दोन्ही वेळा रविवारी, दुपारी दोनपासून. तेव्हा एप्रिलभर मॉक पेपर दुपारी दोनलाच घ्या, पंख्याखाली नाही तर जसा उकाडा असेल तशात. जेवणानंतर पेंग येते, तिची सवय तेव्हाच मोडावी लागते. शेवटच्या आठवड्यात नवा धडा उघडू नका, चुकांची वही तेवढी वाचून घ्या. मंडणगड किंवा दोडामार्गच्या मुलाचं केंद्र लांब पडतं, त्याला आदल्या दिवशीच त्या गावात मुक्कामाला जायला सांगा. गेट दीड वाजता बंद होतं. अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, पायात चप्पल, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र. पेन केंद्रावर मिळतं.